वणवा विझविण्याचा महिना माघ होय

माघ सरत आला की किनवट आणि माहूरच्या डोंगरांवरील साग पाने टाकू लागतो. सुपाएवढी ती पाने वाळून जमिनीवर थरच्या थर साचतात. त्यांच्या जोडीला कमरेएवढे वाळलेले गवत उभे असते. चैत्र-वैशाखातील एखाद्या दुपारी या थरावर ठिणगी पडते आणि रात्री डोंगराच्या कडेने तांबडी रेघ वर चढताना पैनगंगेच्या खोऱ्यातील गावांना दिसते. लोक म्हणतात, 'डोंगर लागला.' कोणी विझविण्यास धावतो, कोणी अंगणातूनच पाहतो. पुढे मृगाचा पाऊस येतो, काळ्या डोंगरावर हिरवे गवत उगवते आणि आग विस्मरणात जाते. दुसऱ्या वर्षी तोच डोंगर पुन्हा लागतो.

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' अशी आपल्याकडे म्हण आहे. वणव्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरते, कारण आग डोंगरावर, पाणी खाली नदीत आणि बंब तालुक्याच्या गावी असतो. डोंगरावर बंब जात नाही आणि पोहोचला तरी त्याच्या पाण्याने काही मैलांची आग विझत नाही. म्हणून वणवा विझविण्याचे खरे काम तो लागल्यानंतरचे नव्हे, तो लागण्यापूर्वीचे आहे. महाराष्ट्रात वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो. त्याआधीचा माघ महिना हा गावाने कामास लागण्याचा महिना होय.

वणवा लागत नाही, लावला जातो

दोन बांबू एकमेकांवर घासून वणवा पेटतो, अशी समजूत अजूनही अनेक गावांत आहे. तसे क्वचित घडत असेल; परंतु नांदेड जिल्ह्यातील शुष्क पानझडी वनांत लागणारे बहुतांश वणवे माणसाच्या हातूनच लागतात. वीज पडून आग लागण्याचा संभवही थोडा, कारण आपल्याकडे विजेबरोबर बहुधा पाऊसही येतो.

मात्र माणसाच्या हातून लागतात म्हणजे दुष्टपणाने लावले जातात, असा अर्थ करणे अन्यायाचे होईल. आग लावणाऱ्यापाशी बहुतेक वेळा एक प्रयोजन असते. मोहाची फुले पहाटे गळतात. खाली पाचोळा असला तर ती वेचता येत नाहीत, म्हणून पाचोळा पेटवून दिला जातो. तेंदूला कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून झुडपांखाली आग घातली जाते. पावसाळ्यात गुरांना हिरवा चारा लवकर मिळावा म्हणून गवत जाळले जाते. पऱ्हाटी उपटून झाली की शेतकरी धुऱ्यावरील झाडोरा पेटवितो आणि जेवणासाठी घरी जातो. वारा सुटतो आणि धुऱ्याची आग डोंगरावर चढते. याखेरीज विझविल्याविना फेकलेली विडी, रस्त्याकडेला मांडलेली चूल आणि लोंबकळत्या विजेच्या तारांतून पडणाऱ्या ठिणग्या ही कारणे आहेतच.

या प्रयोजनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ 'आग लावू नका' असे फलक उभारून वणवे थांबणार नाहीत. ज्याला मोह वेचावयाचा आहे त्याला मोह मिळाला पाहिजे आणि ज्याला चारा हवा आहे त्याला चारा मिळाला पाहिजे. तो आगीवाचून कसा मिळेल हे दाखवून देणे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे काम होय.

मोहाच्या झाडाखालील पाचोळा खराट्याने झाडून काढण्यास पेटविण्यापेक्षा वेळ लागतो, हे खरे. परंतु तोच पाचोळा खड्ड्यात घालून त्यावर शेणकाला शिंपडला तर पुढील हंगामात खत मिळते. झाडाखाली जुनी लुगडी जोडून किंवा जाळी अंथरून फुले झेलली, तर ती मातीत व राखेत मळत नाहीत आणि खाण्यास स्वच्छ राहतात. तेंदूच्या झुडपांना नवी फूट येण्यास आगीची गरज नाही. जमिनीलगत कोयत्याने छाटणी केली तरी मुळातून जोमदार फूट येते. धुऱ्यावरील व गायरानातील गवत दसरा-दिवाळीच्या सुमारास, ते पूर्ण वाळण्यापूर्वी कापून ठेवले, तर तेच गवत पोषक चारा होते. कापलेले गवत गोठ्यात उपयोगी पडते, न कापलेले गवत वणव्याच्या उपयोगी पडते.

जे जळते ते चटकन दिसत नाही

'वणव्याने साग मरत नाही, मग नुकसान कसले?' असा प्रश्न अनेक जाणती माणसे विचारतात. त्यात निम्मे सत्य आहे. आपल्याकडील वणवा जमिनीलगत चालणारा असतो. तो शेंड्याशेंड्याने धावत नाही. सागाची जाड साल त्याचा ताप सहन करते आणि मोठे झाड पावसाळ्यात पुन्हा पालवते.

परंतु सागाचे रोप ही आग सोसत नाही. त्याचा शेंडा जळतो, पावसाळ्यात मुळातून नवा कोंब फुटतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही जळतो. अशी अनेक वर्षे रोप गुडघ्याच्या वर येत नाही. मोठ्या झाडाच्या बुंध्याची साल एका बाजूने करपते, तेथून कीड व बुरशी आत शिरते आणि कालांतराने झाड पोकळ होते. मोहाची गोष्ट तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. जुने मोह उभे आहेत. परंतु त्यांच्याखाली मोहाची कोवळी रोपे फारशी आढळत नाहीत. फुले आणि बिया वेचल्या जातात आणि जे काही उगवते ते दरवर्षीच्या पाचोळ्याच्या आगीत जाते. आजचा मोह वेचण्यासाठी लावलेली आग नातवाचा मोह जाळते.

'राख म्हणजे खत' ही समजूतही तपासून पाहावी. राखेत पालाश व चुना राहतो. परंतु पानांतील नत्राचा मोठा भाग धुराबरोबर हवेत जातो. पाचोळा कुजून जमिनीत मिसळणारा सेंद्रिय अंश तर नष्टच होतो. शिवाय उघड्या पडलेल्या उतारावर मृगाचे थेंब थेट आपटतात. राख आणि तिच्याबरोबर वरची माती ओढ्यात वाहून जाते. ज्या डोंगरावर पाचोळ्याची गादी असते तो पाणी शोषून घेतो आणि खालच्या विहिरींना ते सावकाश पोहोचवितो. जळालेला डोंगर तेच पाणी पहिल्या पुरात सोडून देतो. म्हणजे वणव्याचा हिशेब केवळ वनविभागाच्या वहीत नव्हे, तर डोंगराखालील शेतकऱ्याच्या विहिरीतही होत असतो.

गवताच्या बाबतीतही तसेच आहे. पवन्या आणि मारवेल ही गुरांना रुचणारी गवते होत. कुसळीचे गवत मात्र आगीला पुरून उरते. वर्षानुवर्षे जाळलेल्या कुरणात कुसळी वाढते व चांगली गवते मागे पडतात. गुराखी ज्या हिरव्या चाऱ्यासाठी आग लावतो, तो चाराच आग हळूहळू हिरावून घेते. तितरांची अंडी, सरडे, कासवे या आगीत सापडतात. रोही आणि रानडुकरे चाऱ्यापाण्यासाठी डोंगराखालच्या पिकांकडे वळतात.

सिद्धतेचा आरंभ अंगणापासून

डोंगराकडेचे तांडे, पोड आणि गुडे यांची मांडणी पाहिली तर एक धोका सहज ध्यानात येतो. घराच्या कुडाला टेकून तुऱ्हाटी व पऱ्हाटी रचलेली असते. मागील बाजूस गोवऱ्यांचा उडवा, त्याशेजारी कडब्याची गंजी आणि गंजीलगत गोठा. यांतील प्रत्येक वस्तू सोयीच्या जागी आहे; परंतु सर्व मिळून ती डोंगरापासून चुलीपर्यंत टाकलेली एक वातच होय.

वणव्यात घर बहुधा ज्वाळेच्या प्रत्यक्ष स्पर्शाने पेटत नाही. वाऱ्याबरोबर आलेले निखारे गवताच्या छपरावर, कवेलूंच्या फटीत किंवा गंजीवर पडतात आणि तेथून घर पेटते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचे गाव असेच जळाले. विजेच्या वाहिनीपासून लागलेली ती आग वाऱ्याने उडविलेल्या निखाऱ्यांच्या साहाय्याने पसरली. ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि १८ हजारांवर इमारती भस्मसात झाल्या. बंब, मोटारी, दूरध्वनी यांपैकी कशाचीही तेथे वाण नव्हती. त्या देशात आता घरमालकांना पहिला उपदेश केला जातो तो हाच, की भिंतीला लागून जळणारी कोणतीही वस्तू ठेवू नये. हा उपदेश किनवटच्या तांड्यालाही लागू पडतो आणि त्याला पैसा लागत नाही.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने माघ महिन्यात पुढील कामे उरकावीत. भिंतीपासून निदान पाच फूट जागा झाडून मोकळी ठेवावी. गंजी, उडवा व जळण घरापासून आणि गोठ्यापासून पन्नास-साठ फूट दूर न्यावे. उन्हाळी वारा ज्या दिशेने येतो ती बाजू टाळावी. सगळा कडबा एकाच गंजीत न रचता दोन-तीन गंज्या अंतराअंतरावर घालाव्यात, म्हणजे एक गेली तरी गुरे उपाशी राहणार नाहीत. प्रत्येक गंजीभोवती वखराची पाळी देऊन माती उघडी करावी. छपरावरील पाचोळा काढावा. दारात पाण्याचा पिंप, मातीची पाटी आणि फावडे हाताशी असावे. गुरांना साखळीने जखडू नये. एका झटक्यात सुटेल अशा गाठीच्या दाव्याने बांधावे. गोठ्याच्या आगीत जनावरे दगावतात ती पुष्कळदा दावे सुटले नाही म्हणून.

शेताच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन वखरच होय. पऱ्हाटी किंवा तूर निघताच, जमिनीत ओल आहे तोवर, जंगलाकडील धुऱ्यालगत बारा फुटांचा पट्टा वखरून काढावा. काळी जमीन एकदा तडकली म्हणजे हे काम कठीण होते. जंगलाची आग शेतात येऊ नये आणि शेतातील ठिणगी जंगलात जाऊ नये, अशी दोन्ही कामे हा पट्टा करतो. वनविभाग जंगलात जाळरेषा आखतो. शेतकऱ्याची वखरलेली रेषा त्या जाळरेषेला जोडली गेली, तर गावाभोवती एक अखंड कडे तयार होईल.

गावाची सिद्धता

घर एकट्याने राखता येते. डोंगर एकट्याने राखता येत नाही. म्हणून माघातील ग्रामसभेत वणव्याचा विषय घ्यावा. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिने आणि वनरक्षकाने मिळून जाळरेषांची पाहणी करावी. पंधरा-वीस धडधाकट तरुणांचे एक पथक नेमावे. दुपारच्या वेळी उंच जागेवरून पाळीपाळीने नजर ठेवण्याची व्यवस्था करावी. वनरक्षकाचा दूरध्वनी क्रमांक आणि वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक चावडीच्या व शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरून आग हेरून तिची सूचना वनविभागास आणि नाव नोंदविणाऱ्या कोणाही नागरिकास पाठविते. गावातील एखाद्या शिकल्यासवरल्या तरुणाने ही नोंदणी अवश्य करावी. तथापि उपग्रह आपल्या फेरीच्या वेळीच त्या जागेवरून जातो आणि लहान आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. टेकडीवर बसलेल्या राखणदाराचा डोळा त्याहून लवकर पोहोचतो, हे विसरू नये.

आग विझविताना उत्साहापेक्षा शिस्त मोलाची. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात आग विझविताना तीन वनमजूर होरपळून मरण पावले. ती माणसे जंगलाची जाणकार होती. तरीही आगीने त्यांना गाठले. म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. आग चढावर फार वेगाने चढते, म्हणून तिच्या वरच्या अंगास कधीही उभे राहू नये. पाठीमागे जळून गेलेल्या जागेकडे जाण्याची वाट मोकळी ठेवावी. जाड सुती कपडे व पायताण घालावे. नायलॉन-टेरिलिनचे कपडे अंगाला चिकटतात. दोघादोघांनी मिळून काम करावे आणि एकाने केवळ वाऱ्यावर लक्ष ठेवावे. हिरव्या फांद्यांनी आग बाजूंनी झोडपत यावे. समोरून लावावयाची आग फक्त वनकर्मचाऱ्यांनीच लावावी. फवारणीचा पाठीवरचा पंप स्वच्छ धुऊन पाणी भरून नेला, तर मागे धुमसणारे ओंडके विझविण्यास तो फार उपयोगी पडतो. मुले, वृद्ध आणि गुरे यांना कोणत्या वाटेने कोठे न्यावयाचे, हे आधीच ठरलेले असावे.

लातूरचा यात संबंध काय?

लातूरचा शेतकरी हे वाचून म्हणेल की, वणवा किनवटचा. आमच्याकडे जंगलच नाही. राज्यातील सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते, हे खरे आहे. परंतु आगीची सवय मात्र तीच आहे. मांजरेच्या खोऱ्यात ऊस तुटला की पाचट पेटविले जाते. शेजारचा ऊस, ठिबकच्या नळ्या, बांधावरचा आंबा आणि पलीकडील गंजी त्यात सापडते. बालाघाटाच्या माळांवरील गवतही असेच जाळले जाते.

एका हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते. ते सरीत पसरून दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू वापरल्यास त्याचे खत होते, शिवाय जमिनीची ओल टिकते. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जेथे पिण्यास पाणी आगगाडीने येते, तेथे आग विझविण्यास पाणी मिळेल या भरवशावर राहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. अशा जिल्ह्याने तर पाण्यावाचून आग आवरण्याची विद्या, म्हणजे वखर, फावडे आणि मोकळी माती यांची विद्या, किनवटच्याही आधी शिकावयास हवी. आणि ज्या जिल्ह्यात झाडे मोजकी आहेत, तेथे बांधावरील प्रत्येक झाडाचे मोल अधिक आहे.

शिक्षा आणि विश्वास

शेवटी एका नाजूक गोष्टीचा विचार करणे अवश्य आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ अन्वये राखीव वनास आग लावणे हा दंडनीय अपराध आहे. जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागल्यास त्या वनातील चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकारही शासनास आहे. त्याच अधिनियमाने वनहक्क उपभोगणाऱ्यांवर आग विझविण्यास साहाय्य करण्याचे कर्तव्य घातले आहे. हा कायदा असावयास हवा, यात शंका नाही. परंतु ज्याला आपले मोह-तेंदू बंद होण्याची धास्ती वाटते, तो आग दिसली तरी वर्दी देण्यास कचरतो. विझविण्यास गेलो तर आपल्यावरच संशय येईल, असे त्याला वाटते. ही भीती जोवर आहे तोवर वणव्याची पहिली मोलाची घटका वाया जातच राहील.

यावर उपाय आहे. वनहक्क कायदा २००६ ने आपल्या सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. ज्या गावांना असे हक्क मिळाले आहेत तेथे डोंगर 'सरकारचा' राहिला नसून गावाचा झाला आहे. त्याच्या राखणीची जबाबदारी आणि मानही गावाचाच असावा. वर्दी देणारा हा गावाचा उपकारकर्ता होय, संशयित नव्हे, असे वनाधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगावे आणि आचरणातून दाखवावे.

रोजगाराचा प्रश्नही येथेच सुटू शकतो. 'सरकारचे काम आम्ही फुकट का करावे?' हा गरीब मजुराचा प्रश्न रास्त आहे. परंतु आग विझविण्याची मजुरी देण्यात एक उणीव अशी, की जेवढ्या आगी अधिक तेवढी मजुरी अधिक. त्यापेक्षा उन्हाळाभर राखण करणाऱ्या त्याच गावच्या माणसांना नियमित मजुरी द्यावी आणि ज्येष्ठ सरताना जेवढे वन न जळता राहिले असेल त्या मानाने गावास बक्षीस द्यावे, हे अधिक शहाणपणाचे ठरेल. न लागलेल्या वणव्याचे मोल देण्याची रीत पडली, तर तो न लागावा म्हणून झटणारे हातही पुढे येतील.

माहूरच्या गडावर रेणुकेच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात आणि भोवतीचे हिरवे डोंगर पाहून त्यांचे डोळे निवतात. ते डोंगर हिरवे राहतील की काळे पडतील, हे वैशाखातील दुपारी ठरत नाही. ते माघातील त्या सकाळी ठरते, जेव्हा एखादी बाई मोहाखाली काडी ओढण्याऐवजी खराटा हाती घेते आणि तिचा धनी जंगलाकडील धुऱ्यालगत वखर जुंपतो. ग्रामसेवक, कृषी कर्मचारी आणि वनरक्षक या तिघांनी यंदाच्या माघात एकत्र येऊन आपापल्या गावी ही सकाळ घडवून आणावी.